तेराचा पाढा

बूट मुलाचे. तो पुण्याला गेला तेव्हा
पलंगाखाली राहिलेले, एक नंबर मोठे.
पुढे कापूस कोंबला
आणि बावन्नाव्या वर्षी, मुलुंड पूर्वेला,
पहाटे साडेपाचला
चोरासारखी जिना उतरले.
लिफ्ट नको. लिफ्टमध्ये आरसा आहे.

मिठागर रस्त्यावर विजेचे खांब मोजले.
पहिल्या दिवशी तीन.
तिसऱ्याला धरून उभी राहिले,
तोंडात लोखंडाची चव, बरगडीत सुई.
पेपरवाली पोरं फुटपाथवर पुरवण्या भरत होती.
एकानं मान वर केली,
आणि काही न बोलता परत खाली घातली.
त्या पोराचे उपकार आहेत माझ्यावर.

चौथ्या दिवशी मागून हरियाकाका आले,
एकाहत्तर वर्षांचे, कॅनव्हासचे बूट, कानटोपी.
"बेन, कोण मागे लागलाय तुमच्या?
बोलता येईल, एवढंच धावायचं."
आणि बोलत बोलतच पुढे निघून गेले.

बोलायचं कुणाशी?
सासूबाईंची औषधं आठवून पाहिली, ती लगेच संपली.
मग आपोआप ओठांवर आला
चौथीत छडी खाऊन पाठ केलेला पाढा.
तेरा एके तेरा,
तेर दुणे सव्वीस,
तेर त्रिक एकोणचाळीस,
तेर चोक

इथं श्वास तुटायचा.
'बावन्न' म्हणायला हवाच उरायची नाही.
रोज माझ्याच वयापाशी येऊन
कमरेवर हात ठेवून उभी.

दिवसभर ब्लड बँकेत
मी दुसऱ्यांच्या पिशव्यांवर गट लिहिते,
तारीख, सही, शिक्का.
माझं स्वतःचं रक्त असं कानांत धडकताना
कधी ऐकलंच नव्हतं.
सातव्या खांबाखाली ऐकलं.
घाबरले. मग जरा वेळ ऐकतच राहिले.

पुढे घोटा सुजला.
मग नणंद आली मुलांना घेऊन.
मग नणंद गेली, मी मात्र गेले नाही.
गजर व्हायचा, मी त्याला थोपटून निजवायची.
गॅलरीत बुटांवर कबुतर बसायला लागलं,
त्याला हाकलायचाही आळस.

बाराव्या दिवशी कुरिअर घ्यायला खाली उतरले.
सहीसाठी रामसजीवननं वही पुढे केली.
पाहुण्यांची नावं, गाड्यांचे नंबर,
आणि दर पानावर, सगळ्यात वर, त्याच्या तिरक्या अक्षरात:
४०३ दौड ५.३५
४०३ दौड ५.३५
नंतर अकरा पानं
४०३ नहीं.

"हे कशाला लिहितोस रे?"
मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल,
आत जपून ठेवण्यासारखं.
म्हणाला, "मॅडम, केबिनचं घड्याळ बंद आहे.
तुम्ही उतरलात की मी पंप चालू करायचो.
हल्ली पाणी उशिरा चढतंय."

सी विंगच्या तक्रारी म्हणजे माझ्यामुळे!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन खांबांपासून.
पाय सगळं विसरले होते, निर्लज्जासारखे.
हरियाकाका दिसले नाहीत त्या आठवड्यात, नंतर दिसले,
म्हणाले, "मोतीबिंदू काढला,
आता कळलं तुम्ही किती हळू धावता."

बावन्न कधी ओलांडलं
ते सांगता येणार नाही.
थंडीचे दिवस होते, मिठागराकडून ओला खारट वास येत होता,
डबक्यात एक बगळा एका पायावर,
आणि माझ्या तोंडून
तेरा पाचे पासष्ट निघून गेलं,
तेरा सक अठ्ठ्याहत्तर,
मग मीच दचकून थांबले,
कुणी दुसरंच बोलतंय की काय म्हणून.

सध्या तेरा आठे चारोदरसेपर्यंत जाते.
काही दिवशी तेवढंही नाही.
तीसासे अजून लांब आहे, हायवेच्या पुलाखाली कुठेतरी.
कापूस काढला नाही, आता बुटाला त्याची सवय झालीय.

घड्याळाचा सेल मी आणलाय,
पर्समध्येच आहे, गेले दोन महिने.
देत नाही.